दोन गुलाबी गोळ्या

बसऱ्याच्या बाजारात माझं लोणच्याचं दुकान आणि मिझहिर न्हाव्याचं दुकान, मध्ये एकच भिंत. मिझहिर गाढव होता. रागाने म्हणतोय, पण खरं तेच म्हणतोय. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं त्याला कधी जमलंच नाही.

सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. रोजच्या पाच तऱ्हेच्या गोळ्या मागे लागल्या. त्यातली गुलाबी रक्त पातळ ठेवणारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वर्षभर हिचा एक दिवसही खाडा नको, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होईल." मिझहिर सगळ्या पट्ट्या डगल्याच्या खिशात घेऊन हिंडे. आमच्याकडे न्हाव्याच्या खुर्चीत बसला की माणूस आपली दुखणी सांगतोच. कुणी "डोकं जड झालंय" म्हटलं की याची कात्री खाली, पट्टी बाहेर. "ही घे, मला हिने आराम पडला." वर चहाही. महिन्याच्या गोळ्या विसाव्या दिवशीच संपायच्या.

मी ओरडायचो, "अरे, हजामती करतोस की दवाखाना चालवतोस?"

"हातिफ, जीभसुद्धा बरणीत मुरत घातलीस का रे?" तो हसायचा.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून सलगमाचं लोणचं चाखत होतो. दुपारी छातीत असं काही दाटलं की घाबरून त्याच्याकडे धावलो. त्याने तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला उठवून मला बसवलं. खिसा चाचपला. गुलाबी दोनच उरल्या होत्या.

"घे दोन्ही."

"आणि तुला?"

"घरी आहेत की!"

घरी एकही नव्हती. ईदचे तीन दिवस आमच्या भागातली औषधाची दुकानं बंद. बायको चिडली, तर तिला म्हणाला, "तीन दिवसांत काय होतंय? मला बरंच वाटतंय." तिसऱ्या दिवशी चहा पितापिता कोसळला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आणि मी? गोळ्या घेऊन दुकानात आलो, पाण्याचा पेला तोंडाशी नेला, तोच मोठा ढेकर आला. नुसता गॅस. हायसं वाटलं, गोळ्या गल्ल्यात टाकल्या आणि विसरलो. मधली भिंत ओलांडून परत द्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुखवट्याच्या बैठकीतून निघालो, तर त्याच्या बायकोने मला दारात थांबवलं. रडून तिचा आवाज बसला होता.

"हातिफभाऊ, तुमची छाती बरी आहे ना? तीन दिवस सारखं तेच बोलत होते. म्हणायचे, हातिफ वाचला, आपल्या गोळ्यांनी वाचला. एवढे खूश होते!"

"बरी आहे, वहिनी," मी म्हणालो. "त्या गोळ्यांनीच वाचलो."

दुसरं काय सांगणार होतो तिला? त्या दोन गोळ्या अजून माझ्या गल्ल्यात आहेत. रोज गल्ला उघडतो, त्यांच्याकडे बघतो आणि बंद करतो.