दंडावरची वेल

माझी भाची ऐन उन्हाळ्यातही लांब बाहीचा ब्लाऊज घालायची. त्या बाहीखाली, डाव्या दंडाभोवती, फिक्या गुलाबी रंगाचा वण आहे. त्यात पानं दिसतात, तणावे दिसतात. हात फिरवला तर बोटाला लागतात. आसगावात तिच्या माहेरी आणि इकडे मोहाडीत सगळे त्याला नागिणीचा वण म्हणायचे. ती नागीण नव्हती. ती वेल होती आणि ती मी काढली होती.

मला फार बोलायची सवय नाही. पार्लर चालवणाऱ्या बाईला ते बरं पडतं, गिऱ्हाइकं बोलतात आणि आपण ऐकायचं. पण न बोलण्याच्या त्या सवयीमागे मी काय लपवलं, ते आता लिहिते.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पूर्वी मंडई म्हणजे दंडार, गावातलेच पुरुष लुगडी नेसून नाचायचे. आता दंडारीच्या बाजूला गाण्याच्या पार्ट्याही येतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंच उभा राहतो. वर कापड नाही, समोर डीजेचे डबे, पायाखाली धसकटं आणि हवेत तूस. दुपारी सुरू झालेला कार्यक्रम दिवेलागणीपर्यंत चालतो. आज या गावात, परवा त्या गावात, असा कार्तिक सरेस्तोवर फेरा.

भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला होती. गळा चांगला, उंची चांगली. चार मैत्रिणी जमवून तिने गाण्या-नाचाची पार्टी उभी केली आणि त्यांची तोंडं रंगवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. नणंदबाईंनी तिला सोडताना म्हटलं होतं, "वहिनी, पोट्टी तुमच्या हवाली आहे. जीव लावजा." मी म्हटलं होतं, "हाव बाई."

हॉलमधली नवरी नटवणं सोपं असतं. उघड्यावर चेहरा टिकवणं ही वेगळी गोष्ट. आधी मलमलच्या फडक्यात बर्फ बांधून तोंडावर फिरवायचा. मग तुरटीचं पाणी कानामागे, ओठावर, केसांच्या कडेला लावायचं, कारण घाम तिथूनच फुटतो. फाउंडेशन चोळायचं नाही, ओल्या स्पंजाने थोडं थोडं दाबत जायचं. काजळाच्या रेघेवर त्याच रंगाची कोरडी पावडर बसवायची, म्हणजे ते गालावर उतरत नाही. शेवटी फिक्सर फवारायचा आणि मुलींना दम भरायचा, "घाम पुसायचा नाई, टिपायचा. नाक खाजवलं तं मी मंचावर येऊन मारीन."

चेहरे टिकायचे. टॅटू टिकत नव्हते. दंडावर, मानेवर चिकटवायच्या टॅटूंची मुलींना भारी हौस. मी कातडी स्पिरिटने पुसून घेई, वरून टाल्कम दाबून हेअरस्प्रे मारी. तरी दुपारच्या उन्हात, नाचताना, दंडाला दंड घासला की त्याचे पापुद्रे सुटत.

पहिल्याच मंडईत भाचीने गाता गाता हात वर केला आणि दंडावरचा अर्धा मोर तिच्या ओढणीला चिकटून गेला. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अवं पोट्टे, मोर उडाला तुया!" बांधीभर हशा. ती मंचावर हसली. परतताना ऑटोत मात्र खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "मामी, मले असं काई दे जे माह्या अंगावरून हालणार नाई."

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले. त्यांनी ते पुढे केले. "मंग गोंदून घे. सोनं-नाणं इथंच राह्यते. हेच तेवढं सोबत येते."

"आजी, माय मारून टाकीन मले. गोंदलेली पोरगी कोण करते आता?"

"मंग हौस कायले करतं वं?"

दोघी हसल्या. मी हसले नाही. मला उपाय सुचला होता.

आठवडी बाजारात मेंदीच्या कोनांच्या दुकानावर बायका काळी मेंदी घेत. ती मेंदी कशी काळी होते ते मला ठाऊक होतं. त्यात केस काळे करायची डायची पूड असते. मी ती घरीच कालवली. मेंदी नावापुरती, डाय जास्त, म्हणजे रंग गडद येईल आणि घामाने हलणार नाही. डायच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की हे कातडीला लावू नका. ते मी रोज वाचत होते. गिऱ्हाइकांचे केस रंगवताना माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, म्हणून मी प्लास्टिकचे हातमोजे वापरायची. त्या दिवशीही मी हातमोजे घातले आणि तिच्या उघड्या दंडावर कोन टेकवला.

इतकंच आहे माझं पाप. बाकी सगळं त्यातून वाढलेलं.

तिला दंडाभोवती बाजूबंदासारखी वेल हवी होती. एका टोकाला मोठं पान, दुसऱ्या टोकाला बारीक होत गेलेला तणावा. "मामी, हात वर केला तं खाली फट नाई दिसली पाह्यजे," ती म्हणाली. म्हणून काखेच्या बाजूला, आतल्या नाजूक कातडीवर, मी पान आणि तणावा एकमेकांना जोडून टाकले.

वेल टिकली. पुढच्या मंडया मजेत गेल्या. लोक विचारायचे, खरंच गोंदलं का? आठवडाभराने रंग जरा उतरला, तेव्हा मी त्याच रेघेवरून पुन्हा कोन फिरवला. या वेळी ती म्हणाली, "मामी, चुरचुरते." मी म्हटलं, "रंग चढून राहिला." तिचा माझ्यावर विश्वास होता.

दोन दिवसांनी सकाळी तिने मला मोरीत बोलावलं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मी कोन जाड दाबला होता, तिथे पुरळ उठलं होतं. दुपारपर्यंत त्याचे पाण्याने भरलेले फोड झाले. फोड वेलीच्या रेघेवरच होते, तिच्याबाहेर एकही नव्हता. मी पाहताक्षणी समजले. थंड पाण्याची घडी ठेवली आणि गप्प राहिले.

सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अवं, हे तं नागीण होय." मेंदीने कुणाला फोड आलेले त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं की नागीण कमरेला नाहीतर दंडाला वेढा घालत जाते, आणि तिचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस मरतो. गावात नागीण उतरवणारा एक म्हातारा होता. तो आला, फोडांवरून नजर फिरवत म्हणाला, "हे तोंड. हे शेपूट. अजून जागा आहे." त्याने दोन टोकांच्या मध्ये गेरूची आडवी रेघ ओढली, ओठांत काही पुटपुटला. "ह्या रेघीच्या अंदर आली नाई तं पोरगी वाचली."

"आन् आली तं, बाबा?" भाचीने विचारलं.

तो चिलीम शोधत उठला.

ती गेरूची रेघ माझ्या वेलीवरच ओढलेली होती. तिच्याखाली पान आणि तणावा मीच जोडले होते. आतल्या कातडीवर मेंदी पातळ लागली होती, म्हणून तिथे फोड उशिरा येणार होते, पण येणार होते. तोंड शेपटीला भेटणार, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

रोज सकाळी ती आरशासमोर हात उचलून दोन टोकांमधली जागा बोटांनी मोजायची. "मामी, चार बोटं आहे अजून." मग तीन. मग एके दिवशी तिने मोजलं आणि मला सांगितलंच नाही. अंगात ताप होता, दंड सुजून शर्टाच्या बाहीत मावेना. मी रोज ठरवायची, आता सांगते, चहा झाल्यावर सांगते. तेवढ्यात पार्लरमध्ये कुणी लग्नाची तारीख घेऊन यायचं, नाहीतर नणंदबाईंचा फोन यायचा. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मले घोर नाई." मी म्हणायची, "हाव बाई."

ज्या पहाटे गेरूची रेघ फोडांखाली दिसेनाशी झाली, त्या पहाटे ती माझ्याआधी उठली होती. नाचायचे कपडे तिने घडी करून खुर्चीवर ठेवले होते. कानातले डूल माझ्या हातावर ठेवले. आवाज अगदी साधा होता.

"मामी, भेटली थे. हे डूल मायले देजो. आन् मी भेली नाई म्हणून सांगजो."

एक वाक्य पुरलं असतं. पोरी, ही नागीण नाही, माझा डाय आहे, तू मरत नाहीस. मी डूल मुठीत धरून उभी राहिले. तिने माझ्या कमरेला मिठी मारली तेव्हा तिचा दंड माझ्यापासून लांब धरलेला होता, मला लागू नये म्हणून.

त्या सकाळी मी तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, एवढं तरी केलं. डॉक्टरांनी तिला आत झोपवलं आणि मला बाहेर विचारलं, "दंडाला काही लावलं होतं का?"

"साधी मेंदी जी."

डॉक्टर म्हणाले, "मेंदीने असं होत नाही. त्यात काळं काही मिसळलेलं असेल, तर तिला आयुष्यात पुन्हा ते लागू देऊ नका. केसांचा डायसुद्धा नाही. शरीर विसरत नाही. पुढच्या वेळी दंडावर थांबणार नाही, चेहऱ्यावर येईल, श्वास अडेल."

"हाव जी," मी म्हटलं. डॉक्टरांचे शब्द मी तिथेच गिळले. ते ऐकणारी मी एकटीच होते.

औषधं लागू पडली, ती वाचली, वण राहिला. आणि गावाने आपली गोष्ट तयार केली की तोंड-शेपूट भेटूनही ही पोरगी वाचली. म्हातारा सांगत फिरला, "जिले नागीण पुरी भेटून सोडून देते, तिले जन्मात काई होत नाई." नणंदबाईंनी तिला आसगावला परत नेलं, पार्टी मोडली. ती मंचावर पुन्हा कधी गायली नाही. मी पार्लरमध्ये डाय ठेवणं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायची, मला वास सहन होत नाही.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सकाळी मी घरी सामान भरत होते, तेव्हा तिचा फोन आला. मागे ढोलकी, माइकवर पोरींचा गोंधळ.

"मामी, लवकर ये ना! दुपारी आंगणात गाणे आहेत आमचे, मंडईसारखे. मी गाणार आहो! आन् साऱ्या पोट्ट्या काळी मेंदी लावून राहिल्या दंडाले. मीबी लावतो, त्याच वणावर. झाकून जाईन थो."

"तू नको लावू," मी म्हटलं.

"काहून? नागीण एकदा भेटली तं परत येत नाई, बाबा म्हणे. मले आता काय होते?" आणि हसत हसत तिने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही, नणंदबाईंनीही नाही.

मोहाडीहून आसगाव जवळ नाही. भाड्याची गाडी केली. कारध्याच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. खाली वैनगंगा संथ होती आणि मला डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता. श्वास अडेल.

आंगणात मंडप होता, गाणी चालू होती. भाची पाटावर बसली होती, बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. मेंदीवाली मुलगी माझ्याच वेलीवरून कोन फिरवत होती. मोठं पान काळं झालं होतं, पुढचं अर्धं.

मी तिचा हात धरून ओढला. "धू. आत्ता धू, साबणाने."

"मामी! काय करून राहिली तू?"

कुणीतरी म्हटलं, "मामीले काय झालं बापा?" गाणं थांबलं. माइक चालूच होता, त्यामुळे मी बोलले ते मंडपाबाहेरही गेलं असावं.

"ती नागीण नव्हती. मी मेंदीत केसांचा डाय घातला होता. मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा लागला तर जीव जाईल. मी कुणाला सांगितलं नाही."

नणंदबाई हळदीचं ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. भाची नळाखाली दंड धरून बसली, मी साबण लावत राहिले. तिने वर न पाहता विचारलं.

"ज्या दिवशी मी तुले डूल देल्ले... त्या दिवशी तुले माहीत होतं?"

"हाव."

तिने माझ्या हातातून साबण काढून घेतला आणि स्वतः धुऊ लागली.

पाण्याने काळं फिकट झालं, पूर्ण गेलं नाही. घरात कुणी जेवलं नाही. साऱ्यांची नजर त्या पानावर. उन्हं कलली तशी पानाची कड लाल झाली, मग तिच्या पापण्या जड दिसू लागल्या. नणंदबाईंनी माझ्याकडे न बघता गाडी मागवली. मी आपणहून पुढे बसले. मागे माय-लेकी होत्या. आरशात मला तिचे ओठ सुजताना दिसत होते.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीण बाहेर आल्या. त्यांनी काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "काळी मेंदी जी, त्यात डाय आहे. पहिल्यांदा मी लावला होता, माझ्या हाताने. तेव्हाच्या डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं."

त्यांनी पटकन सुई मागवली. भाचीला आत नेलं. पडदा ओढताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

तिचा श्वास अडला नाही. लग्न दोन दिवस पुढे गेलं, पण झालं. नवरीचा मेकअप भंडाऱ्याच्या एका बाईने केला. मला बोलावणं होतं. जेवणाच्या पंगतीत मी शेवटच्या रांगेत बसले होते, तेव्हा ती समोरून गेली. ब्लाऊजची बाही आखूड होती.