काळ्या शेळ्या आणि निळी चौकट

भूमजवळच्या आमच्या गावातून मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मोबाइलची ॲप बनवते. मागं शेळीपालनाचं एक ॲप केलं. त्यात प्रत्येक शेळीचा फोटो, एका ओळीत तीन. फोटोवर बोट ठेवलं की त्याच्याभोवती निळी चौकट यायची. मग खाली सरकून त्या शेळीची नोंद करायची. पण खाली सरकलं की चौकट पुसली जायची, कधी भलत्याच फोटोवर जाऊन बसायची, आणि नोंदही त्या भलत्याच शेळीला लागायची.

आमच्याकडच्या शेळ्या काळ्याकुट्ट. फोटोत कोण कुठली, काय कळणार? मी कंपनीच्या सरांना सांगितलं, "निवडलेल्या शेळीवरची चौकट टिकत नाही. आधी हे दुरुस्त करू."

"आधी पहिलं पान देखणं करा," सर म्हणाले. "चौकट कोण बघत बसतं?"

ॲप तसंच बाहेर पडलं.

शेजारी माझी चुलती राहते. पुतणीनं केलंय म्हणून तिनं कौतुकानं ते फोनमध्ये घेतलं. एक शेळी गाभण राहावी म्हणून बोकडाला दाखवली, तशी नोंद केली. ती लागली दुसरीलाच. पुढं काकू फोन घरीच ठेवून लेकीकडं येडशीला गेली असताना डॉक्टर जंताचं औषध द्यायला आले. गाभण शेळीला ते चालत नाही. सुनेनं फोन बघून सांगितलं, ही गाभण न्हाय. औषध पाजलं आणि चार-आठ दिवसांत शेळी गाभडली, पोटातलं पिल्लू गेलं.

काकू परत आली, सुनेला वाट्टेल ते बोलली. सून रडत म्हणाली, तुम्हीच बघा फोनमध्ये. काकूनं बघितलं आणि तडक माझ्या दारात आली.

"म्या बरोबर शेळी दाबली व्हती. तुझ्या ॲपनं दुसरीच धरली. कोण हाय तुझा साहेब? लाव फोन."

मी लावून तिच्या हातात दिला. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, नीट बघून दाबायचं ना."

माझं डोकं फिरलं. काकूच्या हातातून फोन घेतला. "बघायला चौकट राहते कुठं, सर? किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"एका शेळीसाठी आवाज चढवू नका."

मी फोन कापला. कुणाला न विचारता कामाला बसले. निवड फोटोच्या जागेला नाही, त्या शेळीच्या नंबरालाच बांधली. कितीही सरका, चौकट तिच्यावरच राहील. ती जाडही केली.

पंधरवड्यानं गिऱ्हाइकांसोबत ऑनलाइन मीटिंग होती. सर ती जाड चौकट दाखवून हसत सांगत होते, "आमची ही खास नवी सोय." मी माइक चालू केला. "ही नवी सोय नाही, जुनी चूक दुरुस्त केलीय. तिच्यापायी माझ्या चुलतीची शेळी गाभडली." सरांनी माझा आवाज बंद केला.

नोकरी अजून तीच आहे. दुसरी शोधतेय. काकूनं सुनेची समजूत काढली, पण ॲप पुन्हा उघडलं नाही. चौकट दाखवायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. चहा घे अन् जा."