मऊ राख

"एक दिवसबी न्हाय! आज पोरगीला घिऊन मी जातो म्हंजे जातो," अनुजानं बॅग ओढली.

"मुरगुडात तुझी आई काय अमृत पाजती व्हय?" हंबीररावनं ती परत खेचली. "गावात त्वांड कसं दाखवू? वीज केंद्रात कामाला असणाऱ्याचीच बायको राखेला भिऊन पळाली म्हणतील."

"म्हणूंद्यात. राख कुणी आणली घरात?"

उंबऱ्यात बसलेल्या बयाबाईनं मान खाली घातली. लेकानं राख आणली होती खरी, पण तिच्याच सांगण्यावरून.

साठी उलटली तरी बयाबाईचा एक दात हललेला नव्हता. त्याचा तिला भारी तोरा. शेणीची राख, मीठ आणि लवंग एवढ्यावर जन्म काढला होता तिनं. घरात गॅस आला, चूल विझली आणि दात घासायची राखुंडी करायला राखच उरली नाही. तेव्हा तिनं लेकाला त्याच्या वीज केंद्रातली कोळशाची राख आणायला लावली. आगीतनं निघालेलं सगळं शुद्धच, असा तिचा हिशेब. राख आली तीही पिठासारखी मऊ, चाळायचं काम नाही. रोज सकाळी नात पूर्णिमाला मांडीवर घेऊन ती आपल्या बोटानं तिचे दात घासायची. पोरगी राख गिळायची तर म्हणायची, "गिळ गं, प्वाट साफ हुतंय."

मग पोरीचं पोट दुखायला लागलं. बोलता बोलता ती अडखळायला लागली. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. दात कशानं घासता, असं त्यांनी विचारलं तेव्हा बयाबाईनंच हौसेनं सगळी कृती सांगितली. कोळशाच्या राखेत शिसं असतं, ती आजच बंद करा, असं त्या म्हणाल्या, आणि केंद्राजवळच्या तुमच्या गावात हवेतनंही तीच उडते, तेव्हा पोरीला तिथनं हलवा.

"आई, तूच सांग की हिला," हंबीरराव म्हणाला. "राख दिली टाकून, मिटलं. नात गेल्यावर तुला तरी घास उतरंल का?"

नव्हताच उतरणार. तेवढ्यात झोपेतनं उठलेली पूर्णिमा डोळे चोळत आली, सवयीनं आजीच्या मांडीवर बसली आणि आ करून तिनं तोंड पुढं केलं.

बयाबाईनं हात पदराखाली घेतला. पोरीला उचलून अनुजाच्या कडेवर दिलं.

"हंबीर, बॅग सोड. दोघींना यष्टीत बसवून ये. दिवाळीलाबी आणायचं न्हाय. रगात साफ झाल्याशिवाय पोरगी ह्या घरात येणार न्हाय."