न उतरणारा कॅप्टन

मी एका वर्षात अकरा ग्रह तयार केले आणि त्यातल्या एकावरही कुणी उतरलं नाही. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला याचा एवढा संताप यायचा की आत्याच्या पडवीच्या खांबाला मी दोनदा लाथ हाणली होती. दुसऱ्यांदा अंगठ्याचं नख गेलं.

आपला माणूस अवकाशात जाऊन आला, त्याच वर्षीची गोष्ट. मी पोलादपूरच्या पुढचा, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका गावचा. अकरावी-बारावीसाठी महाडला आत्याकडे राहत होतो. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून एक खेळ आणला. त्याला वाटलं होतं, डब्यात कॅरमसारखं काहीतरी असेल. उघडून बघतो तर पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसती एक इंग्रजी पुस्तिका आणि चार विचित्र फासे. "तुझं इंग्रजी बरं आहे, तूच बघ," म्हणून त्याने डबा माझ्या अंगावर टाकला.

पुस्तिका नवीकोरी होती, पण चित्रं मुद्दाम जुन्या धाटणीची. शेपटाला पंख फुटलेली रॉकेटं, काचेचे घुमट, छातीवर लाल दिवा लागणारे पत्र्याचे यंत्रमानव. खेळ सगळा तोंडी. एकाने ग्रह रचायचे, बाकीच्यांनी यानातून तिथे जायचं, उतरायचं आणि पुढे काय काय होतं ते बोलत बोलत खेळायचं. पुस्तिका माझी, म्हणून ग्रह मी रचणार. आत्याची मुलगी अकरावीला होती, ती यानाची इंजिनिअर. आणि माझ्या वर्गातला एकुलता एक खरा मित्र, तो कॅप्टन. तो महाडचाच, बौद्ध, मास्तरांचा मुलगा, वर्गात माझ्यापेक्षा हुशार. बारावीचा निकाल लागला की तो औरंगाबादला काकांकडे शिकायला जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं. तेवढ्यात त्याने एकदा तरी माझ्या ग्रहावर उतरावं, एवढीच माझी इच्छा. फार मोठं मागणं होतं का हे?

ग्रह रचायची माझी पद्धत वडिलांची होती. ते मोजणी खात्यात होते. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी बसून गावांचे नकाशे रंगवत आलो होतो. "पाणी आधी दाखव, माणसं मग," असं ते सांगायचे. म्हणून मी आधी ओढा काढायचो. मग वरच्या अंगाला गावठाण, गावठाणात देऊळ, मग शेतं, खालच्या अंगाला ओढ्यापलीकडे वाडी आणि तिच्याही खाली स्मशान. वडिलांच्या वाया गेलेल्या ट्रेसिंग कागदांचा गठ्ठा माझ्याकडे होता. त्यावर मी ग्रह काढत असे. ओढ्यात पाण्याऐवजी पारा, गावठाणाऐवजी घुमट, देवळाऐवजी वीज साठवणारा मनोरा. मला ते फार थोर वाटायचं.

पहिल्या ग्रहाला दोन सूर्य होते आणि जांभळी माती होती. यंत्रमानव शेती करायचे आणि माणसं घुमटात बसून बुद्धिबळ खेळायची. कॅप्टन रविवारी दुपारी आला, पडवीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "यान कक्षेत ठेव. नकाशा दे."

मी नकाशा दिला. त्याने तो पाच मिनिटं बघितला, एके ठिकाणी बोट टेकवलं, उचललं आणि कागद परत दिला.

"पुढं चला," तो म्हणाला.

मला वाटलं, पहिलाच ग्रह, नसेल आवडला. दुसऱ्यावर कायमचा काळोख होता, लोक डोक्याला दिवे बांधून हिंडायचे. नकाशा बघितला, पुढं चला. तिसऱ्यावर पाऊस जमिनीतून वर पडायचा. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली, ऐकून म्हणाली, "मंग घराला छप्पर खाली घालायचं काय रे?" हा प्रश्न मला सुचला नव्हता, म्हणून मी तिच्यावरही डाफरलो. आणि कॅप्टन? पुढं चला!

आत्याचा चहा सगळ्यांना एकसारख्या कपबशीतून यायचा, हे इथे सांगितलं पाहिजे. आमच्या गावाकडे काय चालायचं ते मला माहीत होतं, पण आत्याकडे तसलं काही नव्हतं, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. कपबशी आत्याची, अभिमान मात्र माझा.

चौथ्या ग्रहापासून मी जबरदस्ती सुरू केली. नियमाप्रमाणे उतरायचं की नाही हे कॅप्टन ठरवणार, पण यान बिघडवायचा हक्क माझा होता. मी सांगितलं, इंधन संपलं. आतेबहीण लगेच म्हणाली, "दादा, आपल्याकडे बंब आहे. वाफेवर नेते मी यान."

"बंब कुठून आला यानात?"

"घरचाच आहे."

पुढच्या वेळी मी इंजिनाला भोक पाडलं. तिने ते काजूच्या डिंकाने बुजवलं. मी म्हटलं, फासा टाक, सहा पडले तरच डिंक टिकेल. तिने टाकला. सहा! या मुलीला ल्युडोत जन्मात कधी वेळेवर सहा पडले नव्हते. शेवटी, कशेडीच्या घाटात दरड आली की ट्रक दोन दोन दिवस उभे राहतात, तसा मी यानाच्या वाटेत उल्कांचा ढीग आणून टाकला. पुढे जायला वाटच नाही, खाली ग्रह तयार. आता जाशील कुठे?

"थांबू की," कॅप्टन म्हणाला. "वाट मोकळी होईपर्यंत इथंच थांबू."

आणि तो खरोखर थांबला. दोन रविवार तो आमच्या पडवीत उकडलेल्या शेंगा खात बसला आणि माझ्याशी रसायनशास्त्राच्या जर्नलबद्दल बोलला. मी विचारायचो, कंटाळा नाही आला? तो म्हणायचा, नाही, छान चाललंय. आत्या जाता येता विचारायची, "काय रे, अजून उतरलात नाय?" का उतरत नाहीस, असं मी त्याला किती वेळा विचारलं असेल, पण गडी ताकास तूर लागू देईना. नुसता हसायचा. त्या हसण्याने तर माझं डोकं उठायचं.

परीक्षा झाल्यावर मी अकरावा ग्रह केला. तीन आठवडे त्याच्यावर घालवले. गावी जाऊन आंबेनळीच्या वळणावर बसलो, खाली दरीत धुकं नव्हतं तर ते मनाने घातलं आणि त्यातून तरंगणारी तळी काढली. सोनेरी गवत, बोलणारे दगड, तीन चंद्र. रंग भरले. सावल्या दिल्या. एवढा देखणा नकाशा मी नंतर नोकरीतही काढला नाही. मित्र आला, त्याने नकाशा हातात घेतला, तीन मिनिटं बघितला, बोट टेकवलं.

"पुढं चला."

झालं, सगळं मुसळ केरात. मी उठलो आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की तुला उतरायचंच नव्हतं तर वर्षभर इथे शेंगा खायला येत होतास का? जूनमध्ये तू जाणार. माझे ग्रह मी काय लोणच्याच्या बरणीवर बांधू?

तो हसला नाही. "मागचे नकाशे आहेत?" त्याने विचारलं.

आतेबहिणीने ते आतून आणले. त्याने सगळे अकरा पडवीत ओळीने मांडले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. बोट खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या लहान घुमटांवर होतं.

"इथं कोण राहतं?"

"यंत्रमानवांची काजळी साफ करणारे."

"आणि इथं?" दुसरा नकाशा.

"दिव्यांचं तेल वाहणारे."

"इथं?"

"तुटलेली चाकं उचलणारे."

असं अकरापर्यंत गेलं. प्रत्येक ग्रहावर ओढ्याच्या खालच्या अंगाला, पलीकडे, वेगळी, थोडकी घरं. प्रत्येक ठिकाणी तिथल्या लोकांना मी काहीतरी घाण काम दिलेलं. सोनेरी गवताच्या ग्रहावरसुद्धा. सातव्या नकाशापाशीच माझा आवाज बारीक झाला होता, पण त्याने सगळे पूर्ण करून घेतले.

"वाडी खालीच का?" त्याने विचारलं.

"नकाशात तसंच असतं," मी म्हणालो.

"मी उतरलो असतो तर मला कुठं उतरवला असतास?"

याला उत्तर एकच होतं, गप्प बसण्याचं. ते मला जमलं नाही. मी म्हणालो, अरे खेळ आहे हा! सगळीकडे तुला तेच कसं दिसतं? आमच्याकडे आहे का तसलं काही? आत्याने कधी तुला वेगळा कप दिलाय?

"नाही दिला," तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी आतेबहिणीवर भडकलो. वर्षभर शेजारी बसून नकाशे बघत होतीस, तुला दिसलं नाही?

"दिसलं होतं," ती म्हणाली. "तुझा हात आपोआपच तिकडे जायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

बाराव्या ग्रहाला मी त्याच दुपारी बसलो. म्हटलं, वाडी काढायची नाही, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे? ओढा काढला, घुमट काढले, मनोरा काढला, आणि खालच्या अंगाची कोरी जागा मला खुपायला लागली. नकाशा अर्धवट राहिल्यासारखा दिसत होता. तिथे जंगल घातलं. मग जंगलात लाकूडतोडे आले. कागद फाडला. दुसऱ्यावर दलदल घातली, तर दलदलीतून वाट काढणारे कोणीतरी हवेत असं वाटलं. तोही फाडला. तिसऱ्यावर ओढाच काढला नाही, तर पाणी कुठून आणायचं आणि ते वाहणार कोण, इथे गाडी अडली. सहा कागद असे गेले. मी आधी मित्रावर चिडलो होतो, मग बहिणीवर, मग वडिलांवर. सहाव्या कागदाला दुसरं कोणी उरलं नाही. मला स्वतःची शिसारी आली.

निकाल लागला. तो पहिल्या वर्गात आला, मी दुसऱ्या. सोमवारच्या गाडीने तो जाणार हे कॉलेजात कळलं. शनिवारी मी त्याच्या घरी निघालो आणि कोपऱ्यावर येऊन उभा राहिलो, कारण घर कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांची मैत्री. दर रविवारी तो आमच्या पडवीत. मी एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो. कोणी अडवलं नव्हतं, माझ्या मनातच आलं नव्हतं. सायकलच्या दुकानात विचारत विचारत पोचलो.

त्याने दार उघडलं. मला बघून त्याला बरं वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, आपण ट्रंकेवर बसला. मी तयार केलेली माफी गडबडून जाऊन भलतीकडूनच सुरू केली, तर त्याने हात वर केला.

"ते राहू दे. मी एक ग्रह केलाय," तो म्हणाला. "आता तू कॅप्टन."

वहीचं मधलं जोडपान होतं, शाईच्या पेनाने काढलेलं. त्याचं चित्र माझ्याइतकं चांगलं नव्हतं. मधोमध मोठं तळं. तळ्याभोवती गोल घरं, सगळी एकसारखी, सगळ्यांपासून पाण्यापर्यंत एकेक पायवाट. मनोरा नाही, घुमट नाही. खाली लिहिलं होतं, हवा चांगली आहे.

तो माझ्याकडे बघत होता. मी होय म्हणायचीच खोटी होती. मलाही उतरायचं होतं, मनापासून. पण मी कागद नीट बघायला लागलो. फिरवून बघितला. काहीतरी जुळत नव्हतं, आणि मी मोजणीदाराचा मुलगा, अगदी भाबडेपणाने, कामाचा प्रश्न विचारावा तसं विचारून गेलो, "यात वरचं अंग कुठलं रे?"

तोंडातून गेल्यावर मी काय विचारलं ते मला ऐकू आलं.

 तो रागावला नाही, रागावला असता तर मला पुढची इतकी वर्षं बरी गेली असती. त्याने वही माझ्या हातातून हलकेच काढून घेतली, मिटली आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, "आई, चहा टाक. पाहुणे आलेत."