काकांच्या झाडाचं बी

रत्नागिरीत समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉफीचं नवीन दुकान निघालंय. तिथल्या फळीवर काका हसत असतात. म्हणजे त्यांचा फोटो. पाकिटावर छापलेला, डोक्याला लोकरीची टोपी, हातात लाल फळांनी लगडलेली फांदी. दुकानातल्या मुलीने कौतुकाने मला पाकीट दाखवलं, "स्पेशालिटी कॉफी आहे सर, थेट डोंगरातली. शेतकऱ्याचा फोटोपण आहे बघा." फोटो मीच काढलेला. हा माणूस बेपत्ता आहे हे त्या पोरीला सांगून काय साधणार होतो? मी चहा मागितला, आणि चहा ठेवत नाही म्हणाली म्हणून उगाच तिच्यावर खेकसलो.

ईशान्येकडच्या डोंगरात मी काही वर्षं नोकरी केली. गावकऱ्यांकडून कॉफीची फळं घ्यायची, धुऊन वाळवायची, चव बघून पुढे पाठवायची. लांज्याकडच्या माणसाने काजू सोडून कॉफीच्या नादी लागावं हे माझ्या वडिलांना कधीच पटलं नाही. काका आणि काकी हे तिथले माझे घरमालक. घरामागच्या उतारावर त्यांची बाग होती. आमचं सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं. हापूस आम्ही कच्चा उतरवतो आणि पेंढ्याच्या आढीत पिकवतो, असं मी सांगितलं तेव्हा काका पोट धरून हसले. तोडलेलं फळ कधी पिकतं का, म्हणाले, तुम्ही कोकणातले लोक थापाडे. कॉफीचं तसं नसतंच. झाडावर लाल झालं तर झालं, हिरवं तोडलं की संपलं.

मग तिकडे दोन जमातींत तंटा पेटला. कालपर्यंत एका बाजारात बसणारी माणसं एकमेकांची घरं जाळायला लागली. मला परत बोलावून घेतलं. निघताना काकांनी बिस्किटांच्या खोक्यात पाच रोपं घालून दिली. पुढे त्यांचं गावही उठलं, सगळे छावणीत गेले. तिथून काका एकदा बागेकडे म्हणून गेले ते आलेच नाहीत. माणूस मिळाला नाही, प्रेतही मिळालं नाही. नंतर गाव जळलं, त्यात बागही गेली.

पाच रोपांतली चार आमच्या उन्हाने खाल्ली. फणसाखालचं एक तेवढं जगलं, तेही रडतखडत. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी दोघंच. त्या झाडावर बाबांचा पहिल्यापासून राग. ना सावली ना सरपण, म्हणायचे.

आमच्याकडे तिन्हीसांजेला लांबून कुकारा ऐकू आला तर लगेच ओ देत नाहीत. माणूस पुन्हा हाक मारतो, भूत एकदाच मारतं, असं म्हणतात. काका बागेतून परतताना उतारावरूनच कुकारा घालायचे, म्हणजे काकींनी आधण ठेवायचं. एका संध्याकाळी त्या झाडाला पाणी घालताना मला तो कुकारा ऐकू आला. अगदी तोच, शेवटी जरा फाटणारा. एकदाच आला. मी ओ दिली.

"कुनाला ओ देतोयस रे?" बाबांनी पडवीतून विचारलं.

"कुणाला नाही."

अंगावर काटा आला होता हे खरं. पण पुन्हा यावा म्हणून मी हातातली बादली तशीच धरून उभा राहिलो, हेही खरं. तेव्हापासून संध्याकाळचं पाणी मी बाबांना घालू देत नव्हतो.

यंदा त्या झाडाला पहिल्यांदा फळं धरली. थोडीच, पण धरली. मी काकींना फोन करून सांगितलं. त्या आता छावणी सोडून बहिणीच्या गावी राहतात. बहिणीने घरामागे जमिनीची एक पट्टी दिलीय. ऐकून त्या रडल्या आणि म्हणाल्या, "मला बी पाठव. पुरायला मला काही मिळालं नाही. त्याच्या हातचं झाड तरी दारात असू दे." कॉफीचं बी जुनं झालं की उगवत नाही. फळं लाल झाली की लगेच पाठवतो, असा शब्द मी दिला. झाडाची तब्येत बघता पुढच्या वर्षाची खात्री नव्हती, म्हणून मी रोज सकाळी त्या फळांना हात लावून बघायचो. हिरव्यावर जेमतेम पिवळी झाक यायला लागली होती.

तेवढ्यात मला कामासाठी रत्नागिरीला राहावं लागलं. परत आलो तर झाड बोडकं.

"म्या काडून ठेवलीत," बाबा अभिमानाने म्हणाले आणि मला माळ्यावर घेऊन गेले. केळ्यांच्या फण्यांशेजारी पेंढा नीट पसरून त्यांनी ती फळं मांडली होती, वरून गोणपाट. "वांदरांची टोळी आली व्हती. एक पन फळ ठेवलानी नसतं. आता पिकतील बग चार दिसांत."

मी त्यांच्यावर ओरडलो. नको ते बोललो. ज्या झाडावर राग त्याच्यासाठी हा म्हातारा माळ्याच्या शिडीवर चढला होता, हे मला तेव्हा दिसलंच नाही. नंतर मी नसताना बाबा माळ्यावर जाऊन फळं उलटीपालटी करत होते. फळं लाल झाली नाहीत, काळी पडली. हे दिसलं त्या दुपारी हाका मारूनही ते जेवायला आले नाहीत, आणि मीही हट्टाने पुन्हा बोलावलं नाही.

काकींना सांगणं भाग होतं. फोन लावला आणि जे झालं ते सांगून टाकलं.

"कच्ची का काढली?"

"माकडं नेतील म्हणून. घाबरले."

"तोही तेवढ्यासाठीच गेला होता," काकी म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, अजून हिरवी आहेत, पिकू दे. तर म्हणाला, पिकेपर्यंत दुसरेच नेतील, आहेत तशी घेऊन येतो."

हे मला ठाऊक नव्हतं.

"वडिलांना बोललास?"

"बोललो."

"आता कुठे आहेत?"

"मागच्या दारी. बसलेत."

"जेवले?"

"नाही."

"मग माझ्याशी काय बोलत बसलास?" काकी म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

मी दोन ताटं वाढली आणि बाबांना आणायला मागच्या दारी गेलो.