सुतकातली मिठी

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज कसली. अंगणात बाज ठेवली, ती एका अंगानं दोरी धरून बसली अन् मी पायथ्याशी ओढून राहिलो होतो.

"जोर लावा ना वो! सारा दम काय पायातच ठेवला?"

"रविवारी धावाचं हाय मले. राहू दे थोडा."

"ढिल्या बाजेत माहं बूड भुईले टेकते, तुमचं नाही. ओढा!"

हे बुधवारी. सन साठच्या आगंमागंची गोष्ट. आमी नांदगाव खंडेश्वरचे. तिथून अमरावतीपर्यंत बावीस मैल धावाचं. याले मॅरेथॉनवानी काही म्हणतात, हे मले लय उशिरा कळलं. आमी म्हणत होतो खाटांची दौड. अमरावतीच्या दवाखान्यात बाया भुईवर पडत, म्हणून तिथल्या एका वकिलानं ती काढली होती. जो गडी अमरावतीले पोचंल, त्यानं धावलेले जितके मैल, तितक्या लोखंडी खाटा कापसाचे जिनवाले अन् दुकानदार देणार.

पहिल्या साली सारे गडी वाटेत बसले. अकोल्याचा एक पैलवान तर निंबाखाली घोरत होता. मी एकटा पोचलो, अन् तो बी तिच्यापायी. तिचा भाऊ छकडा हाके, ती दर दोन मैलाले पुढं जाऊन उतरे. एका हातात गूळ, एका हातात ओला पंचा.

"बसाल तं घरी येऊ नोका! बाया भुईवर हायेत तिकडं!"

पोचलो तवा वकिलानं साऱ्या गावासमोर मले मिठी मारली. बावीस खाटा आल्या. गोष्ट इथंच सरली असती तं मी हे लिहत बसलो नसतो.

बाज कसली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळ उठली. एस.टी.नं अमरावतीले नेलं. दवाखान्यात तिले सतरंजीवर, भुईवर टाकलं. बाजूच्या खोलीले कुलूप. खिडकीतून पाहतो तं माह्या बावीस खाटा, एकावर एक, पाय वर करून. साल झालं, कोनी त्याच्यावर निजलं नव्हतं. किल्ली वकिलापाशी.

वकिलाच्या घरी गेलो. तो पूजेतून उठून ओट्यावर आला.

"लांब राहा, सोवळ्यात आहे मी."

"साहेब, एक खाट द्या जी. घरची भुईवर हाय."

"रविवारी दौड संपली की मी पूजा करणार, अकोल्याचे पाहुणे फीत कापणार. वर्षभर त्यांच्या तारखेसाठी थांबलो, आता तीन दिवसांनी काय बिघडतं? पहिली खाट तुझ्याच बायकोला देऊ."

तिले येऊन सांगतलं. ती हसली. "मंग रविवारपर्यंत टिका लागंन मले."

शनिवारी झुंजूमुंजू झालं तवा ती गेली. खाटेनं वाचली असती, असं मी म्हणत नाही. शेवटी माणसाले भुईवर घेतात, हे मले बी ठाऊक हाय. पण पयलं बाजेवरून उतरवतात ना?

साळा छकडा घेऊन मागून आला होता, त्यात घालून तिले गावाले आणलं. दिवस बुडाच्या आत सारं झालं. डोकं भादरलं.

रविवारी सकाळी मी दौडीच्या रेघेवर जाऊन उभा राहिलो. साळा म्हणे, "भाऊजी, सुतकात?"

"छकडा जुंप."

त्यानं बैलं जुंपले. दर दोन मैलाले उतरून गूळ घेऊन उभा राहे, बहिणीसारखा. मागची जागा मोकळी. मी तिकडं पाहलंच नाही. बावीस मैल मी एकाच माणसाच्या मागं धावलो, अन् तो माणूस पुढं अमरावतीत रेशमी धोतर नेसून उभा होता.

दवाखान्यासमोर मांडव. पूजेचं ताट, फीत, अकोल्याचे पाहुणे. वकील हार घेऊन हसत पुढं आला. माहं भादरलेलं डोकं दिसलं तसा मागं सरला.

"अरे, तुला सुतक दिसतंय! लांबूनच... लांबूनच!"

मी फीत छातीनं तोडली अन् त्याले मिठी मारली. साऱ्या गावासमोर, त्यानं मारली होती तशीच. रेशीम घामानं भिजेपर्यंत सोडली नाही. भादरलं डोकं त्याच्या गालाले घासलं.

"तुमीच शिकवली ना साहेब, मिठी? माही बायको काल गेली. भुईवर."

कनवटीची किल्ली ओढून घेतली. कुलूप काढलं. पहिली खाट जिथं ती पडली होती तिथं मांडली अन् शेजारी भुईवरच्या म्हातारीले उचलून त्या खाटेवर निजवलं.

बाहेर वकील आंघोळीले पाणी मागून राहिला होता. हौदावर बादली एकच, अन् ती माह्या साळ्याच्या हातात.

मी दारातून ओरडलो, "पयले बैलं पाज!"