न घेतलेल्या गोळ्या

पुंजाराम गांगुर्डे अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते. येवल्याच्या बाजूच्या खेड्यातून तरुणपणी नाशकात आले, सिडकोत दोन खोल्यांचं घर केलं, मोहिनी ही एकुलती मुलगी शिकवून शिक्षिका केली आणि भुसावळला दिली. हात कामाला पक्का, पण बोलणं बेताचं. घरातलं सगळं बोलणं शकुबाई बोलायच्या. शेजारणींशी, भाजीवाल्याशी, बुद्धविहारात भेटणाऱ्या बायांशी, आल्यागेल्या पाहुण्यांशी. पुंजाराम बाजूला बसून मान हलवायचे, आणि लोकांना वाटायचं की नवराबायको दोघंही बोलकी आहेत.

सत्त्याण्णव साली शकुबाई काविळीनं गेल्या. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मग माणसं आपापल्या कामाला लागली आणि एक गोष्ट उघडी पडली. इतकी वर्षं लोक येत होते ते शकुबाईंकडे. पुंजारामांकडे कुणी येत नव्हतं. यात कुणाचा दोष नव्हता. त्यांच्याकडे येऊन बोलायचं काय, हे लोकांना कळत नव्हतं, आणि आलेल्या माणसाशी बोलायचं काय, हे त्यांनाही कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली. पुंजारामांचं प्रेशर बरंच वाढलेलं निघालं. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण डोकं दुखत नव्हतं, छातीत काही होत नव्हतं, जिन्यानं धाप लागत नव्हती. तरी सांगितलं म्हणून ते घराजवळच्या डॉक्टर कोठावद्यांकडे गेले. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली आणि रोज सकाळी एक, न चुकता घ्यायची असं बजावलं.

आठवडाभर पुंजारामांनी ती घेतली. काहीच झालं नाही. क्रोसिन घेतली की ताप उतरतो, ते अंगाला कळतं. ही गोळी पोटात जायची आणि कुठे गायब व्हायची पत्ता लागत नव्हता. शेजारच्या लेथवरच्या सावळीरामनं त्यात भर घातली. म्हणाला, प्रेशरची गोळी एकदा अंगात भिनली की मरेपर्यंत सुटत नाही, माझ्या मेव्हण्याचं तेच झालं. पुंजारामांनी रात्रपाळीत यावर पुष्कळ विचार केला आणि आपल्या मनानं एक मार्ग काढला. डोकं जड वाटेल त्या दिवशी गोळी घ्यायची, एरवी नाही. म्हणजे औषधही झालं आणि सवयही लागली नाही.

महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेता ना? पुंजारामांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं. गोळी ते घेत होते, फक्त रोज घेत नव्हते, आणि रोज घेता का असं कुणी विचारलं नव्हतं.

दोन हजार एकमध्ये कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती आणली. जुन्या मशिनींबरोबर जुनी माणसंही निघाली. पुंजाराम घरी बसले आणि दिवस एवढा लांब असतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. सकाळी नळाला पाणी यायचं तेवढा वेळ बरा जायचा. मग चहा, मग पेपर, मग भात-वरण, आणि त्यानंतर भिंतीवरून उतरत जाणारं ऊन. कधी कधी संध्याकाळी दुकानात साखर मागताना त्यांच्या लक्षात यायचं की आज तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द आहे.

अशात ते दर मंगळवारी दवाखान्यात जायला लागले. डॉक्टरांनी महिन्यानं बोलावलं होतं, पण प्रेशर तपासायला आलो म्हटल्यावर कुणी परत पाठवत नाही. मंगळवारी संध्याकाळी गर्दी कमी असायची. डॉक्टर त्यांची बाही वर सारायचे, दंडाला पट्टा गुंडाळायचे, रबरी फुगा दाबायचे. पट्टा आवळत जायचा. मग डॉक्टर एका हातानं त्यांचं कोपर धरून, कानात नळ्या घालून, मान खाली करून ऐकत राहायचे. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलायचं नाही. दुसरं एक माणूस सगळं लक्ष लावून आपल्या रक्ताचा आवाज ऐकतंय, ही गोष्ट पुंजारामांना फार बरी वाटायची. आठवड्यात त्यांच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागायचा तो एवढाच.

प्रेशर अर्थातच उतरलेलं नसायचं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी पाचची गोळी दहाची केली. काही महिन्यांनी तिच्या जोडीला दुसरी दिली. पुढच्या वर्षी तिसरी, लघवीवाटे पाणी काढणारी. तुमचं प्रेशर हट्टी आहे काका, असं ते म्हणायचे, मीठ कमी करा म्हणायचे, झोप लागते का विचारायचे. पुंजाराम सगळ्याला मान हलवायचे. आपली कुणीतरी काळजी करतंय हे त्यांना दिसत होतं. दोनतीनदा खरं सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं तर डॉक्टर रागावतील, आणि न रागावता नुसते गप्प झाले तर आणखी वाईट. लिहून दिलेल्या गोळ्या ते खालच्या मेडिकलमधून इमानानं घ्यायचे आणि घरी आणून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. डबा भरत आला होता.

दोन हजार चारच्या मे महिन्यात मोहिनी आली. शाळेला सुट्टी होती. फोनवर वडिलांचा आवाज तिला फार खाली गेल्यासारखा वाटला होता, म्हणून पोरीला सासूजवळ ठेवून ती एकटीच महिनाभर राहायला आली. आल्या आल्या तिनं घर झाडून काढलं, खारट म्हणून पापड-लोणचं वरच्या फळीवर टाकलं आणि आजारपणाचे कागद मागितले. डबा उघडून पाहिला तेव्हा तिला बरं वाटलं. आबांनी औषधं आधीच भरून ठेवलीत, संपायची वाट बघत नाहीत, असं ती शेजारणीला कौतुकानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याच्या पेल्यासकट वडिलांपुढे धरल्या.

सांगायचा क्षण हाच होता. मी हे घेत नाही बाई, एवढंच म्हणायचं होतं. पुंजारामांनी तोंड उघडलंही. पण समोर लेकीचा हात होता. शकुबाई गेल्यापासून त्यांच्या हातात कुणी काही आणून ठेवलं नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा नाही. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि गिळल्या.

मग रोजच तसं व्हायला लागलं. मोहिनी गोळ्या द्यायची आणि समोर बसायची. शाळेतल्या गमती सांगायची, भुसावळच्या उन्हाच्या, सासूच्या, पोरीच्या. पुंजाराम एकेक गोळी घेताना मुद्दाम वेळ लावायचे. एक गिळायची, पेला खाली ठेवायचा, ऐकायचं, मग दुसरी. पहाटेच जाग यायची आणि चहाची वाट पाहत ते पडून राहायचे. त्या मंगळवारी ते दवाखान्यात गेले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही.

अंगात मात्र काहीतरी बदलत होतं. पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे जड झाले. घोट्यांवर सूज आली. बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यांपुढे क्षणभर काळं यायचं. मोहिनीनं विचारलं तर म्हणाले, ऊन लय आहे यंदा. नाशिकला तेव्हा खरोखरच ऊन होतं, त्यामुळे तिलाही ते पटलं.

दुसरा आठवडा संपता संपता, एका सकाळी, नळाचं पाणी भरून झाल्यावर पुंजाराम वाकलेले सरळ झाले ते तसेच मोरीत कोसळले. कपाळ कठड्याला लागलं. मोहिनी धावत आली तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडले होते, पण तिच्याकडे पाहत नव्हते. अंग गार, घामानं चिंब. शेजारच्या सुलाबाईंनी रिक्षा थांबवली आणि दोघींनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, ऐकलं, पुन्हा फुगवला, पुन्हा ऐकलं. वरचा आकडा नव्वदीच्याही खाली होता आणि नाडी फार सावकाश चालली होती. त्यांनी पाय उंच करून सलाईन लावलं, कपाळाला पट्टी केली, तासाभरानं पुन्हा मोजलं. प्रेशर थोडं वर सरकलं तेव्हा ते मोहिनीकडे वळले. ह्याच गोळ्या काका कधीपासून घेतायत, आजवर काही झालं नाही, तुम्ही चुकून दुप्पट दिल्या का, की आणखी कुठलं औषध सुरू केलंत?

मोहिनीचा चेहरा उतरला. तिनं कागदावर लिहिलं होतं तेवढंच दिलं होतं. पण डॉक्टर विचारतायत म्हणजे आपलंच काही चुकलं असेल, आपल्या हातानं बापाला असं केलं, असं वाटून ती पदरानं डोळे पुसायला लागली. ते पुंजारामांना पाहवलं नाही.

"तिची चूक नाय," ते कॉटवरून म्हणाले. "तिनं बरोबर दिल्या. मीच आधी घेत नव्हतो."

डॉक्टरांना नीट ऐकू आलं नसावं. ते जवळ आले.

"किती दिवस घेत नव्हता?"

"पहिल्यापासून. डोकं जड वाटलं तर एखादी घ्यायचो."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. रागावले नाहीत. त्यांचाच आवाज जरा पडला होता.

"मी दर वेळी विचारायचो, तुम्ही मान हलवायचा, आणि मी गोळी वाढवायचो," ते म्हणाले. "गोळी लागू पडत नाही असं मला वाटत होतं. ती पोटातच जात नव्हती. मी एकदा तरी बसून विचारायला हवं होतं, रोज घेता का म्हणून."

मग त्यांनी सावकाश समजावलं. प्रेशर दुखत नाही, म्हणून डोक्याकडे बघून गोळी घ्यायची नसते. ही गोळी आज घेतली नि आज गुण आला अशी नाही, पूर्ण जोर यायला तिला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून थोड्यावर सुरू करून, वाट पाहून, मोजून मगच वाढवायची असते. तुम्हाला कदाचित पाचची एकच पुरली असती. मोहिनीनं दिलं ते औषध रोज घेणाऱ्या माणसाच्या मापानं वाढवलेलं होतं, ते तुमच्या अंगावर एकदम पडलं. सगळ्या बंद करून चार दिवसांनी पुन्हा एका पाचच्या गोळीपासून सुरू करू, असं त्यांनी ठरवलं. एक चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, आणि त्रास झाला तर आपल्या मनानं काही न करता येऊन सांगायचं. सवय लागते का, हेही पुंजारामांनी धीर करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, सवय लागत नाही, गरज असते, चष्म्यासारखी.

संध्याकाळी घरी आल्यावर मोहिनीनं मऊ भात केला. वडिलांच्या ताटात वाढताना ती थांबली.

"आबा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? जिवावर बेतलं असतं तुमच्या."

पुंजाराम भाताकडे बघत राहिले.

"तू देत होतीस ना," ते म्हणाले.

मोहिनी उठून गॅसकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तिनं त्यांना भुसावळला चला म्हणून फार आग्रह केला. ते गेलेही. पण तिथे सकाळी सगळी आपापल्या वाटेला लागायची. जावई ऑफिसला, मोहिनी शाळेत, नात शिशुवर्गात. विहीणबाईंसमोर दिवसभर बसून काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही. दिवस तिथेही तेवढाच लांब होता, फक्त भिंती अनोळखी होत्या. पावसाळ्यात ते एसटीनं नाशिकला परत आले. मोहिनीनं अडवलं नाही. बसस्टँडवर सोडताना तिनं त्यांच्या पिशवीत गोळ्या आणि पाण्याची बाटली ठेवली, आणि बस सुटेपर्यंत खिडकीच्या गजावर हात ठेवून उभी होती.

पाचची एक गोळी पुंजाराम आता रोज सकाळी चहाबरोबर घेतात, यात खंड पडला नाही. डॉक्टरांनी पुढे दोनदा पंधरवड्यानं आणि मग महिन्यानं बोलावलं. प्रेशर हळूहळू खाली आलं आणि तिथेच राहिलं. घोट्यांची सूज गेली. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी पट्टा सोडला, त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले की एवढ्या वर्षांत असा आकडा पहिल्यांदा बघतोय, आता दर महिन्याला यायची गरज नाही, तीन महिन्यांनी आलात तरी चालेल. बोलताना त्यांना मनापासून आनंद झाला होता. पुंजारामही हसले. डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या. सिडकोच्या रस्त्यावर आकाशकंदील लागले होते. मंगळवारच होता. घरी जाऊन काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून ते विहारापर्यंत चालत गेले. विहाराला कुलूप होतं. पायरीवर थोडा वेळ बसले आणि मग घराकडे वळले.

त्यानंतर ते तीन महिन्यांनीच दवाखान्यात जातात. मधल्या काळात उगाच जाऊन बसणं त्यांना पटत नाही. डॉक्टरांनी एवढ्या विश्वासानं सांगितलंय, त्यांना फसवल्यासारखं होईल. पण जायचा दिवस आला की सकाळीच शर्टाला इस्त्री करून ठेवतात आणि दवाखाना उघडायच्या वेळेलाच जाऊन पहिला नंबर लावतात. त्यांचं नाव पुकारतात तेव्हा बाकावर कुणी खोकणारं, कुणी लेकरू घेतलेली बाई बसलेली असतेच. पुंजाराम जरा सरकून बसतात, शेजारच्याला तुम्ही जा आधी म्हणून सांगतात, आणि मग पुढच्यालाही.